फातेमा इस्माईल : एका लेकीच्या पायापासून हजारो मुलांच्या पावलांपर्यंत

मुंबईला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हाजी अलीचा दर्गा पाहिलेला असतो. त्याच भागात रस्त्याच्या कडेला मुलांचं एक मोठं रुग्णालय आहे. त्याच्या मुळाशी एक मुस्लिम आई होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. तिचं नाव फातेमा इस्माईल. शिक्षक म्हणून मला वाटतं, हे नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

फातेमा यांचा जन्म 1903 चा. मुंबईच्या सोभानी घराण्यातल्या त्या लेक. वडील हाजी युसूफ सोभानी मोठे व्यापारी आणि गिरणीमालक. थोरले भाऊ उमर सोभानी गांधीजींच्या जवळचे. 31 जुलै 1921 रोजी परळला विदेशी कपड्यांची जी मोठी होळी झाली, ती उमर सोभानी यांच्या गिरणीच्या आवारात. कापडावर ज्या घराची कमाई उभी होती, त्याच घराने ही जागा दिली. इंग्रज सरकारची नाराजी आणि धंद्यातलं नुकसान या घराने सोसलं. 1926 मध्ये उमर यांचं निधन झालं. अशा घरात वाढलेल्या फातेमाही चळवळीत आणि महिलांच्या कामात उतरल्या. 1942 च्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांनी आसरा दिला.

मग घरातच संकट आलं. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला.

आजच्या तरुण आई-वडिलांनी पोलिओ पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. हा विषाणू घाण पाणी आणि अन्नातून पोटात जातो. काही मुलांमध्ये तो पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. पाय लुळा पडतो, पण त्याला स्पर्श कळतो आणि बुद्धी पूर्ण शाबूत राहते. म्हणजे मूल शिकू शकतं, फक्त चालू शकत नाही. त्या काळी लसही नव्हती. पहिली लस आली 1955 मध्ये. लोक नशिबाला बोल लावून मुलाला घरात बसवून ठेवत.

फातेमा बसल्या नाहीत. डॉक्टर शोधत त्या थेट मद्रासला गेल्या. तिथले नामवंत अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांच्याकडे लेकीचे उपचार सुरू झाले. अनेक महिने रोज व्यायाम, रोज मेहनत. मुलगी सुधारली. इथे एखादी आई शुक्र अदा करून घरी परतली असती. फातेमा यांच्या मनात मात्र दुसराच हिशोब सुरू झाला. माझ्याकडे पैसा होता, ओळखी होत्या, म्हणून माझी लेक उभी राहिली. चाळीतल्या बाईच्या मुलाचं काय?

1947 मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. सर्जन डॉ. बाळिगा यांनी चौपाटीच्या आपल्या दवाखान्यात जागा दिली. तो काळ फाळणीचा. माणसं माणसांना तोडत होती, तेव्हा ही बाई जात-धर्म न विचारता मुलांचे पाय सावरत होती. मुलं वाढत गेली, जागा कमी पडू लागली. संस्था उभी राहिली आणि पुढे हाजी अलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय झालं. शेजारीच 1955 मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आली.

या कामात कॅलिपरचं मोल मोठं. दोन पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जोडलेला बूट आणि गुडघ्याशी कुलूप. उभं राहताना कुलूप लागतं, त्यामुळे कमजोर गुडघा दुमडत नाही. बसताना ते उघडतं. दिसायला साधी वस्तू, पण तिच्यामुळे रांगणारं मूल दोन पायांवर शाळेत जातं. मूल वाढलं की मात्र ती बदलावी लागते, नाहीतर मदतीऐवजी इजा होते.

फातेमा उपचारावर थांबल्या नाहीत. बरं होऊन घरी गेलेलं मूल मोठं झाल्यावर पोट कसं भरणार? म्हणून त्यांनी अपंगांच्या मैत्रीसंघाची संस्था काढली आणि हाताला काम शिकवणारी कार्यशाळा चालवली. खैरात नको, हुनर द्या, हा त्यांच्या कामाचा रोख होता. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1978 ते 1984 त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. 1987 मध्ये त्यांचं निधन झालं. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तो दिवस पाहायला त्या नव्हत्या.

आता माझी एक कबुली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कॅलिपर लावणारा एक मुलगा होता. वर्ग वरच्या मजल्यावर. तो रोज जिना चढायचा, मला कौतुक वाटायचं. पावसाळ्यात तो यायचा बंद झाला. चौकशी केली तेव्हा कळलं, ओल्या पायरीवर दोनदा पडला होता. वर्ग खाली आणणं एका अर्जाचं काम होतं. मी कौतुक करत बसलो, अर्ज केला नाही. ते शल्य अजून आहे.

जळगावच्या मेहरूण-तांबापुऱ्यात काय किंवा धुळ्यात काय, आजही एखाद्या घरात असं मूल पाहुण्यांसमोर आणलं जात नाही. बहिणीच्या निकाहला अडचण होईल, ही भीती असते. भावांनो, बहिणींनो, 2016 च्या कायद्याने 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, तोही जवळच्या शाळेत. शासकीय रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे शिक्षक भेटतात, त्यांना साहित्याबद्दल विचारा. परीक्षेत लेखनिक आणि ताशी 20 मिनिटं जादा मिळू शकतात. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग तरुण स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, तेही एकदा पाहून या.

फातेमा यांच्याकडे पैसा होता हे खरं. पण दवाखाना सुरू झाला तो दुसऱ्याच्या मुलाची आठवण ठेवल्यामुळे, आणि ती ठेवायला पैसा लागत नाही. तुमच्या गल्लीत घरी बसलेलं असं एखादं मूल असेल, तर या आठवड्यात त्याच्या अम्मीला भेटा. प्रमाणपत्राच्या रांगेत तिच्यासोबत उभे राहा.