पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्म : वर्धा, मृत्यू : नागपूर, जानेवारी १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि मेक्सिकोत नावारूपास आलेले कृषिशास्त्रज्ञ होते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी मक्याच्या संकरावर केलेले संशोधन विशेष प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात त्यांचे नाव क्रांतिकारकांच्या नामावलीत येते आणि कृषिकार्य बहुधा एका वाक्यात आटोपले जाते. त्यांच्या आयुष्याची अधिक वर्षे मात्र प्रयोगक्षेत्रात आणि वर्गात गेली.

पूर्वायुष्य

खानखोजे यांचे बालपण वर्ध्यास व शालेय शिक्षण नागपुरात झाले. त्यांच्या विद्यार्थिदशेत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी, मध्य प्रांतावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने लष्करी शिक्षण मिळविण्यासाठी त्यांनी तरुणपणीच देश सोडला आणि जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. तेथे एका सैनिकी अकादमीत प्रशिक्षण घेत असतानाच त्यांनी शेतीचाही अभ्यास आरंभिला. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील सरकारी कृषी महाविद्यालयांत शिकून १९१३ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी संपादन केली. त्याच वर्षी गदर पक्ष स्थापन झाला. पक्षाच्या लष्करी बाजूची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानमार्गे इराण व बलुचिस्तानात शिरून तेथून भारतावर चाल करण्याचा प्रयत्न त्यांनी सहकाऱ्यांसह केला. त्यात ते जखमी झाले, ब्रिटिशांच्या हाती सापडले आणि निसटलेही. युद्धानंतर बर्लिन व मॉस्को येथील भारतीय क्रांतिकारकांत ते वावरले. मायदेशाचे दार बंदच होते. १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिकोचा आश्रय घेतला.

मेक्सिकोतील कृषिसंशोधन

मेक्सिकोतील राज्यक्रांती नुकतीच शमली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटून देण्याचे धोरण ठरले होते; पण हाती आलेल्या कोरडवाहू तुकड्यावर पोटापुरते पिकवायचे कसे, हा प्रश्न शिल्लक होता. अमेरिकेतील जुन्या परिचयातले रामोन दे नेग्री हे तेथील सरकारात उच्च पदावर होते. त्यांच्या साहाय्याने खानखोजे यांना चापिंगोच्या सरकारी विद्यालयात प्राध्यापकपद मिळाले. वनस्पतींचे सुप्रजनन हा त्यांच्या अध्यापनाचा व संशोधनाचा मुख्य विषय होता.

मक्याचे नरफूल ताटाच्या शेंड्यावरील तुऱ्यात असते, तर मादीफूल खाली पानाच्या बगलेत. वाऱ्याने पराग कोठूनही येऊन पडत असल्याने वाण शुद्ध राखणे अवघड जाते. त्यामुळे संकर घडवताना तुरा आणि कोवळे कणीस दोन्ही पिशव्यांनी झाकावे लागतात, निवडक ताटाचा पराग हाताने कणसाच्या केसांवर सोडावा लागतो आणि येणारी पिढी वर्षानुवर्षे निवडत जावी लागते. मका हे मेक्सिकोचेच पीक; त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते तेथील शेतांच्या बांधांवर आजही उगवतो. तो चिवट असून त्याला अनेक बारीक कणसे लागतात, पण दाणे कठीण व थोडे असतात. खानखोजे यांनी त्याचा मक्याशी संकर केला आणि एका ताटावर अनेक कणसे धरणारा वाण मिळविण्याचा प्रयत्न केला. हा संकर तेओ-मका या नावाने ओळखला गेला. १९३० च्या सुमारास त्यांनी मक्याच्या नव्या वाणांवरील संशोधन स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केले. गहू व सोयाबीन या पिकांवरही त्यांनी काम केले.

नवे बियाणे विद्यालयाच्या आवारातच राहिले तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही, ही जाणीव ठेवून त्यांनी मुक्त कृषिशाळांची चळवळ उभारली. या शाळांत गावकऱ्यांना विनाशुल्क शिकवले जाई. एका शाळेला शेतकरी नेते एमिलियानो सापाता यांचे नाव देण्यात आले. छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी खानखोजे यांच्या मक्याची व या शाळांची छायाचित्रे टिपली. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. शिक्षण मंत्रालयातील 'आमची भाकर' या रिवेरांच्या भित्तिचित्रात मेजाशी बसून भाकर मोडणाऱ्या पुरुषाचा चेहरा खानखोजे यांचा असल्याचे मानले जाते.

भारतातील हरितक्रांतीचे मूळ खानखोजे यांच्या कार्यात असल्याचे काही लेखांत सांगितले जाते. हे विधान अतिशयोक्त आहे. भारतात आलेले बुटके गहू मेक्सिकोतच, परंतु १९४३ मध्ये सुरू झालेल्या वेगळ्या कार्यक्रमातून आणि नॉर्मन बोरलॉग यांच्या हाताखाली निपजले. खानखोजे यांचे कार्य त्याच्या बरेच आधीचे आहे आणि त्याचे महत्त्व स्वतंत्र आहे.

अखेरची वर्षे

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना सावित्री व माया या दोन कन्या झाल्या. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना निमंत्रण दिले. परंतु ब्रिटिश काळातील काळ्या यादीतून नाव न निघाल्याने स्वतंत्र भारतात पाऊल ठेवण्यासही त्यांना अडचण आली. १९४९ मध्ये ते काही महिने येऊन गेले आणि १९५५ मध्ये कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले. तोवर त्यांची सत्तरी गाठत आली होती आणि संशोधनाला आवश्यक ते क्षेत्र व संस्था येथे त्यांना लाभली नाही. कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले आहे. चापिंगो विद्यापीठाच्या आवारात २०२२ मध्ये खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.