गोष्टी सांगणारे गुरुजी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या कोल्हापुरातील दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. मुस्लिम मुलांनी शिकावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली जे कार्य सुरू केले, त्यातून हे वसतिगृह उभे राहिले. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाला जेवण आणि निवारा तर हवाच. पण रात्री जवळ बसवून गोष्ट सांगणारे कोणीतरीही हवे असते. खानदेशातील अमळनेरच्या वसतिगृहात मुलांना असे एक शिक्षक मिळाले होते. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराण्याचे चांगले दिवस सरले होते. घरात गरिबी आली होती. त्यांची आई यशोदाबाई फारशी शिकलेली नव्हती. पण खरे बोलावे, कोणाला तुच्छ लेखू नये, हे तिने मुलाला आपल्या वागण्यातून शिकवले. शिक्षणासाठी गुरुजींना लहान वयातच घर सोडावे लागले. कधी अर्धपोटी राहून, कधी दुसऱ्यांच्या आधाराने ते शिकले. १९१७ साली आई वारली. ते दुःख त्यांच्या मनात कायम राहिले.

एम. ए. झाल्यावर १९२४ साली गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावले नाहीत. मुले नसताना ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे नीट घडी करून ठेवीत. हे कोण करते ते कळल्यावर मुलांना लाज वाटली आणि ती आपली कामे आपण करू लागली.

मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून गुरुजींनी एक नवीनच गोष्ट केली. त्यांनी वसतिगृहासाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक सुरू केले. ते छापलेले नव्हते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत. दिवसभर शिकवायचे, मुलांची सेवा करायची आणि त्यानंतर लिहायला बसायचे! तुम्हीच विचार करा, आपले गुरुजी आपल्यासाठी जागून लिहितात हे पाहिल्यावर ते वाचल्याशिवाय कोणता मुलगा राहील? पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. त्यांना तुरुंगवास झाला. शाळा सुटली, मुले दुरावली. पण गोष्टी सांगणे काही सुटले नाही. नाशिकच्या तुरुंगात असताना फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी आईच्या आठवणी लिहून काढल्या. तेच 'श्यामची आई' हे पुस्तक. त्यात श्याम आपल्या आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. म्हणून त्यातील प्रत्येक प्रकरणाला 'रात्र' असे नाव आहे.

हे पुस्तक मुलांना आपले का वाटते? श्याम हा काही आदर्श मुलगा नाही. तो भितो, हट्ट करतो, चुकतो. पोहायला जाण्याच्या भीतीने तो लपून बसतो. तेव्हा त्याची प्रेमळ आई त्याला छडीने मारून पोहायला पाठवते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. तो परत आल्यावर तीच आई त्याला मायेने दही खायला देते. गुरुजींनी स्वतःच्या चुका लपवल्या नाहीत. म्हणूनच वाचणाऱ्या मुलाला श्याम आपल्यासारखाच वाटतो. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला. त्याला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

गुरुजी स्वतःच्या घरच्याच गोष्टी सांगून थांबले नाहीत. जगातील उत्तम कथा मराठी मुलांना कळाव्यात म्हणून त्यांनी 'गोड गोष्टी' ही पुस्तकमाला लिहिली. तिच्यातील एका पुस्तकाचे नाव वाचून तुम्हांला आनंद होईल. ते आहे 'सोराब आणि रुस्तुम'! फिरदौसीच्या 'शाहनामा'तील शूर पितापुत्रांची ही करुण कहाणी तुम्ही घरी कदाचित ऐकली असेल. पालगडच्या या लेखकाने ती सोप्या मराठीत मुलांना सांगितली. 'इस्लामी संस्कृती' या पुस्तकात त्यांनी हजरत मुहंमद पैगंबरांचे चरित्रही आदराने लिहिले आहे.

गुरुजी काही काळ दक्षिणेत, त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे लोक एकत्र होते. पण एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. भाषा न कळल्याने मनेही दूर राहतात, हे गुरुजींनी पाहिले. ते तामिळ शिकले आणि 'कुरल' हा प्रसिद्ध तामिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. भारतातील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे, असे स्वप्न ते पाहू लागले. या स्वप्नाला त्यांनी 'आंतरभारती' असे नाव दिले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. त्यांचे स्वप्न मात्र अपुरे राहिले.

मित्रांनो, ते पुरे करण्यात तुमचाही वाटा आहे. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. ही भाषा केवळ परीक्षेपुरती शिकलात, तर गुण मिळतील आणि निकालानंतर ती विसरूनही जाल. तीच भाषा गोष्टीसाठी शिकलात, तर ती जन्मभर सोबत करील. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. तेथे किंवा आपल्या शाळेच्या कपाटात गुरुजींचे एखादे पुस्तक शोधा. रोज दोन पाने वाचा. एखादा शब्द अडला तर थांबू नका. पुढच्या ओळीत त्याचा अर्थ बहुधा उलगडतो.

आणि पुस्तक संपल्यावर आणखी एक काम करा. रात्री धाकट्या भावंडांना जवळ बसवा आणि ती गोष्ट त्यांना उर्दूतून सांगा. अम्मी आणि दादीही ऐकतील. एका भाषेतील गोष्ट दुसऱ्या भाषेच्या घरात पोहोचेल. साने गुरुजींना हेच तर हवे होते.