वेळूस वाचा देणारा कलावंत : पन्नालाल घोष

आमच्या वऱ्हाडांत बासरीची ओळख कोणास करून द्यावी लागत नाहीं. वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर मानलें जातें, आणि त्या नात्यानें मुरलीधर हा या प्रांताचा जांवईच ठरला! गुराख्याच्या कमरेचा पावा आणि जत्रेंत लेकरानें हट्टानें घेतलेली चार पैशांची बासरी आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु अतिपरिचयामुळें या वाद्याची योग्यता फार काळ झांकली गेली. थोर गवयांच्या बैठकींत वीणा, सतार व सरोद यांस जो मान होता, तो बासरीस नव्हता. तो तिला मिळवून देणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ सालीं पूर्व बंगालमधील बारिसाल येथें झाला. त्यांचें मूळ नांव अमलज्योति. वडील अक्षयकुमार घोष हे सतार वाजवीत, त्यामुळें सुरांचा संस्कार घरींच झाला. तरुणपणीं पन्नालालांस तालमीचा व मुष्टियुद्धाचाही नाद होता. पुढें उपजीविकेसाठीं ते कलकत्त्यास आले व तेथील न्यू थिएटर्स या प्रसिद्ध चित्रसंस्थेच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागले. १९३८ सालीं सराईकेला येथील छाऊ नर्तकांच्या पथकाबरोबर त्यांनीं युरोपचा प्रवास केला.

१९४० सालीं ते मुंबईस आले. येथें त्यांस चित्रपटांचें संगीत-दिग्दर्शन मिळालें. ‘स्नेहबंधन’, ‘अनजान’ व १९४२ चा ‘बसंत’ हे त्यांचे चित्रपट. त्यांतील ‘बसंत’ तर अतिशय लोकप्रिय झाला. त्यांच्या पत्नी पारुल घोष यादेखील त्या काळच्या नामांकित पार्श्वगायिका होत्या. चित्रपटांत बासरीचें काम बहुधा ठरलेलें असे. पडद्यावर खेडें दिसलें, विरहाचा प्रसंग आला, अथवा कृष्णाची आठवण निघाली, कीं क्षणभर बासरी ऐकूं यावी आणि संवाद सुरू होतांच तिनें मागें सरावें. रागाचा विस्तार करण्यास तेथें अवकाश कोठून मिळणार?

पन्नालालांचें मन एवढ्यावर तृप्त झालें नाहीं. आंखूड बासरीचा आवाज उंच व तीक्ष्ण असतो. ख्यालगायनाचें गांभीर्य व मंद्र सप्तकाची खोली तिच्यांत येत नाहीं. म्हणून त्यांनीं निरनिराळ्या लांबीच्या व निरनिराळ्या पदार्थांच्या बासऱ्या करून पाहिल्या आणि अखेर वेळूचीच, सुमारें ३२ इंच लांबीची बासरी पसंत केली. नळी जितकी लांब व रुंद, तितका स्वर खालचा, हा त्यांतील साधा नियम. परंतु नळी वाढली कीं छिद्रांमधील अंतरही वाढतें व बोटांस फार ताण पडतो. तो त्यांनीं अभ्यासानें जिंकला. नेहमींच्या सहा छिद्रांस त्यांनीं सातव्याची जोड दिली. त्यामुळें मंद्र पंचमाच्याही खालीं तीव्र मध्यमापर्यंत उतरतां येऊं लागलें. बोटें छिद्रांवरून हळुवार सरकवून ते मींड घेत. त्यामुळें वेळूची नळी माणसाच्या कंठाप्रमाणें गाऊं लागली.

याहूनही विशेष गोष्ट पुढेंच आहे. १९४७ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खां यांचें शिष्यत्व पत्करलें. नांव झालें होतें, अर्थार्जन होत होतें, ‘बसंत’ची कीर्ति देशभर पसरली होती, तरीही नवशिक्या विद्यार्थ्यासारखे ते गुरूपुढें बसले. दीपावली, नूपुरध्वनि, चंद्रमौलि इत्यादि नवे राग त्यांनीं रचिले. १९५६ सालीं ते दिल्लीस आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. त्याच वर्षीं आलेल्या ‘बसंत बहार’ या चित्रपटांत त्यांची बासरी ऐकूं येते. २० एप्रिल १९६० रोजीं, पन्नाशीही गांठली नसतां, दिल्ली येथें त्यांचें निधन झालें. त्यांची वादनपरंपरा शिष्य व जामात देवेंद्र मुर्डेश्वर यांनीं पुढें चालविली. आज मैफलींत वाजणारी लांब बासरी हें पन्नालालांचेंच देणें होय.

चित्रपटाच्या नादानें मुलें बिघडतात, अशी तक्रार पालक आमच्याकडे वारंवार करितात. तींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हें चरित्र पाहिलें म्हणजे दोष धंद्याचा कीं मनुष्याचा, याचा विचार करावा लागतो. चित्रपटानें पन्नालालांस अन्न दिलें व लाखो लोकांच्या कानांपर्यंत त्यांची बासरी पोंचविली. हें ऋण लहान नव्हे. मात्र टाळ्या मिळाल्या म्हणजे विद्या पुरी झाली, असें त्यांनीं मानिलें नाहीं. परीक्षेचा निकाल लागतांच पुस्तकें बांधून माळ्यावर टाकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि नोकरी लागली कीं मुलाचें शिक्षण संपलें असें समजणाऱ्या पालकांनींही, छत्तिसाव्या वर्षीं पुन्हां विद्यार्थी झालेल्या या कलावंताचें स्मरण ठेवावें, एवढीच आमची विनंती आहे.