विश्लेषण : बाजारात तयार वायर नाही, यंत्र नाही, मग मायकेल फॅरेडे यांनी कॉइल गुंडाळली कशी?

पंख्याची किंवा पाण्याच्या मोटरीची कॉइल जळाली, की आपण रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. तिथे कारागीर रिळावरची इनॅमलची तार घेतो, यंत्राचे हँडल फिरवतो आणि वेढे मोजले जातात. यातले काहीच हाताशी नसताना १८३१ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेत जी कॉइल तयार झाली, तिच्यावर आजचे ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रे उभी आहेत. ती गुंडाळणारे होते मायकेल फॅरेडे.

कोण होते फॅरेडे?

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतेच झाले. चौदाव्या वर्षी ते जॉर्ज रिबो यांच्याकडे पुस्तकबांधणीची उमेदवारी करू लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचूनही काढत. विजेवरचा मजकूर वाचला, तेव्हा काचेच्या बाटलीपासून त्यांनी स्थिर विजेचे छोटे यंत्र स्वतःच तयार केले.

१८१२ मध्ये त्यांनी बॅटरीही घरीच बनवली. तांब्याची अर्ध्या पेनीची सात नाणी, त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद, एवढेच साहित्य. त्याच वर्षी त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना साहाय्यकाची नोकरी मिळाली.

शोधाला दहा वर्षे का लागली?

विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० मध्ये हॅन्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी फॅरेडे यांनी वीजप्रवाहाच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. मात्र ही कल्पना विल्यम वोलास्टन यांची असल्याची कुजबुज सुरू झाली. १८२४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेही गुरू डेव्ही यांच्या विरोधानंतर.

चुंबकापासून वीज मिळेल का, हा उलटा प्रश्न मात्र सुटत नव्हता. १८२४ ते १८२८ या काळात त्यांनी अनेकदा प्रयत्न केले आणि प्रत्येक वेळी हाती काही लागले नाही.

कॉइल कशी गुंडाळली?

उघड्या तारेचे वेढे एकमेकांना टेकले, तर वीज जवळचा रस्ता धरते. मग वेढे कितीही असोत, कॉइल निकामी होते. आज तारेवर इनॅमलचा थर असतो. फॅरेडे यांनी दोन वेढ्यांच्या मध्ये सुतळी घातली आणि दोन थरांमध्ये मांजरपाटासारखे सुती कापड.

मऊ लोखंडाच्या ६ इंच व्यासाच्या कड्यावर एका बाजूला त्यांनी प्रत्येकी सुमारे २४ फुटांच्या ३ तारा गुंडाळल्या. समोरच्या बाजूला दोन तुकड्यांत मिळून सुमारे ६० फूट तार होती. हे सगळे काम हाताने करायचे होते. त्याच मालिकेतील दुसऱ्या प्रयोगात लाकडी ठोकळ्यावर २०३ फूट तार गुंडाळून तिच्या वेढ्यांमधून आणखी २०३ फूट तार फिरवली. तिथेही मध्ये सुतळीच होती.

काटा का हलला?

२९ ऑगस्ट १८३१ रोजी कड्याची एक बाजू बॅटरीला जोडताच दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची चुंबकसूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी काढताच ती परत हलली, पण उलट दिशेने. सर्वांची अपेक्षा सतत वाहणाऱ्या प्रवाहाची होती. प्रत्यक्षात चुंबकत्व बदलत असेल, तेवढ्याच वेळेपुरती दुसऱ्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. आधीचे प्रयत्न फसले त्यामागे हेही कारण होते.

१७ ऑक्टोबरला त्यांनी पोकळ कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करून वीज मिळवली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग प्रवाह काढला. तेच पहिले जनित्र.

पुढे काय झाले?

१८३२ मध्ये पॅरिसमध्ये हिप्पोलाइट पिक्सी यांनी हाताने फिरवायचे जनित्र बनवले. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेवर रेशीम गुंडाळून शक्तिशाली विद्युतचुंबक तयार केले होते. हाच परिणाम त्यांनाही स्वतंत्रपणे आढळला, पण फॅरेडे यांचे निष्कर्ष आधी जाहीर झाले. हेन्री यांचे नाव कॉइलच्या प्रेरकत्वाच्या एककाला मिळाले, तर फॅरेडे यांच्या नावावरून कपॅसिटरचे ‘फॅरड’ आले.

फॅरेडे यांचे गणित शेवटपर्यंत कच्चे राहिले. चुंबकाभोवतीच्या बलरेषांची त्यांची कल्पना पुढे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी समीकरणांत मांडली. फॅरेडे यांनी ‘सर’ हा किताब आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोन्ही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. सुती कापडात गुंडाळलेले ते लोखंडी कडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहे. गावातल्या डीपीपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत प्रत्येक ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतो.