न पाहिलेला देश समजून घेणारी रूथ

लग्न झालं, संसार लागला की बाईच्या शिक्षणाचं पुस्तक मिटलं, असं आपल्याकडे गृहीतच धरलं जातं. तिशी उलटलेली सून एम.ए.चा फॉर्म आणायला निघाली की घरातलेच म्हणतात, आता कशाला? अशा वेळी मला हमखास रूथ बेनेडिक्ट आठवते.

आज जगभरच्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय संबंध आणि प्रादेशिक अभ्यास हे विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. जपान, रशिया, दक्षिण आशिया असा एखादा प्रदेश निवडायचा आणि तिथली भाषा, इतिहास, राजकारण, चालीरीती यांचा कसून अभ्यास करायचा. या अभ्यासाला आकार देणाऱ्यांत रूथचं नाव घ्यावंच लागतं. आणि ही रूथ पुन्हा वर्गात जाऊन बसली ती वयाच्या ३२व्या वर्षी!

तिचा जन्म ५ जून १८८७चा, न्यूयॉर्कचा. ती दोन वर्षांचीही नव्हती, तेव्हा तिचे डॉक्टर वडील वारले. आईनं नोकऱ्या करून दोन मुलींना वाढवलं. त्यात लहानपणी रूथला गोवर झाला आणि ऐकायला कमी येऊ लागलं, ते कायमचंच. तरी शिष्यवृत्तीवर ती शिकली आणि १९०९ साली व्हासार कॉलेजमधून पदवीधर झाली. काही काळ मुलींच्या शाळेत शिकवलं. १९१४ साली स्टॅनली बेनेडिक्ट या रसायनशास्त्रज्ञाशी लग्न केलं. मूल व्हावं अशी फार इच्छा होती, पण ते झालं नाही. घर होतं, नवऱ्याचा पगार होता, पण दिवस खायला उठायचा. हे दुखणं कुणाला सांगणार? चारचौघींच्या नजरेत तर तिचं सगळं छानच चाललं होतं.

१९१९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘न्यू स्कूल’ ही संस्था नुकतीच सुरू झाली होती. तिथं रूथ मानववंशशास्त्राच्या व्याख्यानांना जाऊ लागली. शिकवणाऱ्यांत अलेक्झांडर गोल्डनवायझर होते. हे नाव आपल्यालाही जवळचं आहे बरं का! १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात याच गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला होता.

रूथही पुढे कोलंबियातच गेली. १९२१ साली फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली अभ्यास सुरू झाला आणि १९२३ साली ती पीएच.डी. झाली. नंतर झुनी या आदिवासी समाजात राहून तिनं अभ्यास केला. भाषा परकी, त्यात ऐकायला कमी. दुभाष्याच्या मदतीनं ती काम करायची.

पण पदवी मिळाली म्हणून नोकरी थोडीच मिळते! विद्यापीठ तिला वर्षा-वर्षाच्या बोलीवर शिकवायला ठेवी. बाईला नवरा आहे, तो पोसतोय, मग पक्की नोकरी कशाला, असा हिशेब. पुढे नवऱ्यापासून ती वेगळी झाली, तेव्हा कुठे १९३१ साली बोआस यांनी तिला सहायक प्राध्यापकाची जागा मिळवून दिली. १९३४ साली तिचं ‘पॅटर्न्स ऑफ कल्चर’ हे पुस्तक आलं आणि खूप गाजलं. बोआस निवृत्त झाल्यावर विभागाचा कारभार काही काळ तिनंच पाहिला, पण विभागप्रमुख म्हणून १९३७ साली बाहेरून एका पुरुष प्राध्यापकाला आणलं गेलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४३ पासून रूथ वॉशिंग्टनला सरकारी युद्ध-माहिती कार्यालयात काम करू लागली. जून १९४४ मध्ये तिच्याकडे जपान सोपवण्यात आला. शत्रुदेश, तिथं पाऊल ठेवणं अशक्य! मग तिनं जपानी कादंबऱ्या वाचल्या, सिनेमे पाहिले, अमेरिकेतल्या जपानी माणसांना बोलतं केलं. पडद्यावरच्या एखाद्या प्रसंगात तो माणूस असा का वागला, हे ती त्यांना विचारायची. इथं एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्याच काळात अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्या छावण्यांतून आलेली माहितीही या अभ्यासात वापरली गेली.

याच कामातून १९४६ साली ‘द क्रिसॅन्थेमम अँड द स्वोर्ड’, म्हणजे शेवंती आणि तलवार, हे पुस्तक निघालं. त्यात ‘ओन’ आणि ‘गिरी’ असे दोन शब्द येतात. ओन म्हणजे आपण म्हणतो तसं ऋण, आई-वडिलांचं, राजाचं, न फिटणारं. गिरी म्हणजे लोकव्यवहारातली देणी. लग्नातल्या आहेराची वही जपून ठेवणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको! सम्राटाबद्दलची जपानी माणसाची निष्ठा ओळखून त्याचा अपमान करू नये, असं मत मांडणाऱ्यांत रूथ होती. १९४५ च्या शरणागतीनंतर सम्राटाला गादीवर ठेवलं गेलं. त्याला कारणं अनेक होती, पण हा विचार त्यांतला एक होता.

पुस्तकावर टीकाही झाली. युद्धकाळातल्या कल्पना तिनं सगळ्या जपानच्या माथी मारल्या, असं काही जपानी अभ्यासकांचं म्हणणं पडलं. ते खोटं नाही. तरी जपानमध्येही हे पुस्तक पुढे भरपूर वाचलं गेलं.

युद्ध संपल्यावर, १९४६ सालीच, कोलंबियात आंतरराष्ट्रीय संबंधांचं स्वतंत्र विद्यालय आणि रशियाच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली. रूथनंही १९४७ साली तिथंच अनेक देशांच्या संस्कृतींचा मोठा संशोधन प्रकल्प हाती घेतला. पूर्ण प्राध्यापकपद मात्र तिला मिळालं १९४८ च्या उन्हाळ्यात. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हृदयविकारानं ती गेली. वय ६१.

पंचवीस वर्षं राबून मिळालेलं पद तिला एक वर्षही भोगता आलं नाही, याची मला फार चुटपुट लागते. पण ज्यांच्याशी आपलं वैर, त्यांच्याबद्दल मत बनवण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे तिनं करून दाखवलं. ऐकायला कमी येणाऱ्या बाईनं! जाऊबाई असो की शेजारचा देश, मैत्रिणींनो, एवढं आपल्यालाही करता येईल की.