सलग ४७ मॅच जिंकणारा कोच टीव्हीवर गेला आणि घरात बसलेल्यांना फुटबॉल कळायला लागला

तारीख १६ नोव्हेंबर १९५७. अमेरिकेतलं ओक्लाहोमा राज्य त्या दिवशी बरोबर ५० वर्षांचं झालं होतं. नॉर्मन गावातलं युनिव्हर्सिटीचं स्टेडियम भरलेलं. घरची टीम सलग ४७ मॅच जिंकून आलेली आणि समोर होती नोटर डेम युनिव्हर्सिटी, जी जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

शेवटची चारेक मिनिटं उरली असताना नोटर डेमनं टचडाऊन केला. मॅच ७-० ने गेली. राज्याचा वाढदिवस आणि विक्रमाचा शेवट एकाच दिवशी.

हरलेल्या टीमचा कोच होता बड विल्किन्सन. वय ४१.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट. हा आपला फुटबॉल नाही. अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. आणि तिकडं कॉलेजच्या टीमचं वेड एवढं आहे की कोच हा राज्यातला सगळ्यात ओळखीचा माणूस असू शकतो.

विल्किन्सन मूळचे मिनेसोटाचे, जन्म १९१६ चा. मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळले आणि १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षं ती टीम देशात पहिली आली. त्यानंतर त्यांनी काय केलं असेल? इंग्रजीत एम. ए. केलं. ही मास्तरकी आयुष्यभर त्यांच्या कामी आली.

दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना आयोवातल्या नौदलाच्या टीमचे कोच डॉन फॉरो यांच्या हाताखाली ते ‘स्प्लिट-टी’ शिकले. यात लाईनमधले खेळाडू नेहमीपेक्षा अंतर ठेवून उभे राहतात, त्यामुळं समोरच्यांनाही पसरावं लागतं. क्वार्टरबॅक बॉल घेऊन लाईनच्या कडेनं पळतो आणि समोरचा अंगावर येतोय की मागं थांबतोय हे बघून ऐनवेळी ठरवतो, बॉल स्वतःकडं ठेवायचा की साथीदाराकडं टाकायचा.

युद्धानंतर ओक्लाहोमाला एक जुनं दुखणं होतं. दुष्काळ, धुळीची वादळं, गाव सोडून कॅलिफोर्नियाला निघालेले शेतकरी, आणि त्यावरची स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी. ओक्लाहोमा म्हटलं की लोकांना तेवढंच आठवायचं. ही ओळख पुसायला युनिव्हर्सिटीच्या कारभाऱ्यांनी फुटबॉल निवडला. विल्किन्सन १९४६ मध्ये सहायक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी मुख्य कोच झाले.

१७ सीझनमध्ये १४५ विजय, २९ पराभव, ४ बरोबरीत. १९५०, १९५५ आणि १९५६ अशी तीन वेळा देशात अव्वल. १९५३ ते १९५७ मधले ते सलग ४७ विजय वरच्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये आजवर कुणालाही गाठता आलेले नाहीत. आकड्यांपलीकडची गोष्ट म्हणजे प्रेंटिस गॉट. १९५६ मध्ये हा कृष्णवर्णीय मुलगा युनिव्हर्सिटीत आला, तेव्हा त्याच्या शिक्षणाचा खर्च सुरुवातीला कृष्णवर्णीय डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांनी उचलला होता. विल्किन्सननी त्याला टीममध्ये घेतलं, नंतर स्कॉलरशिपही दिली.

आणि या सगळ्यात १९५३ पासून त्यांचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम सुरू होता. कोच टीव्हीवर येऊन खेळ समजावून सांगतोय ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. आवाज न चढवता, वर्गात शिकवावं तसं ते बोलायचे.

पण कॅमेऱ्याच्या मागोमाग राजकारण आलं. केनेडींनी १९६१ मध्ये त्यांना तरुणांच्या शारीरिक तंदुरुस्तीचं काम दिलं. १९६४ च्या सुरुवातीला त्यांनी कोचिंग सोडलं आणि रिपब्लिकन पक्षाकडून सिनेटला उभे राहिले. कागदोपत्री नाव चार्ल्स होतं, ते कायदेशीर बदलून बड करून घेतलं. तरी डेमोक्रॅट फ्रेड हॅरिसकडून थोडक्यात हरले. त्या वर्षी लिंडन जॉन्सन यांची लाट होती हे खरं, पण स्टेडियममध्ये टाळ्या देणारा माणूस मतही देईलच असं नसतं, हे आपल्याकडच्या नट-खेळाडूंनाही माहीत आहे.

हातात ना टीम, ना खुर्ची. मग ते कॉमेंट्री बॉक्समध्ये बसले. आधी एनबीसी, मग एबीसीवर क्रिस शेंकेल यांच्या जोडीनं.

हे काम किती मोठं होतं हे कळायला एक नियम माहीत हवा. तेव्हा कॉलेजच्या कोणत्या मॅच टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही संस्था ठरवायची आणि मोजक्याच मॅच दाखवू द्यायची. त्यामुळं देशभर मॅच दिसायची तेव्हा बहुतेक घरांत हेच दोन आवाज. १९६६ ची नोटर डेम-मिशिगन स्टेट १०-१० बरोबरी त्यांनीच सांगितली. १९६९ ची टेक्सास-आर्कान्सा मॅचही त्यांचीच. त्या मॅचला राष्ट्राध्यक्ष निक्सन स्टँडमध्ये होते आणि विल्किन्सन तेव्हा निक्सन यांचे सल्लागारही होते. आज अशी दुहेरी भूमिका कुणी केली तर केवढा गोंधळ होईल!

सगळ्यात अवघड मॅच असणार १९७१ ची. नॉर्मनमध्येच, ओक्लाहोमा विरुद्ध नेब्रास्का, पहिला नंबर विरुद्ध दुसरा. जिथं १७ वर्षं साइडलाइनवर उभं राहिले, त्याच मैदानावर वर काचेमागं बसून त्यांना आपली जुनी टीम ३५-३१ ने हरताना समजावून सांगावी लागली.

१९७८ मध्ये ते मैदानावर परतले, तेही व्यावसायिक लीगमध्ये, सेंट लुइस कार्डिनल्सचे कोच म्हणून. १४ वर्षांत खेळ बदलला होता. पहिल्या आठही मॅच गेल्या. पुढच्या वर्षी मालकांना अनुभवी क्वार्टरबॅक जिम हार्टच्या जागी तरुण स्टीव्ह पिसार्किविच हवा होता. विल्किन्सननी नकार दिला. सीझन संपायला तीन मॅच बाकी असताना त्यांना काढलं.

ते पुन्हा माइककडं वळले, यावेळी नव्यानं सुरू झालेल्या ईएसपीएनवर. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं एनसीएएची टीव्हीवरची मक्तेदारी मोडली. कोर्टात गेलेल्यांमध्ये त्यांचीच ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी होती. त्यानंतर मॅच वाढल्या, चॅनेल वाढले आणि तज्ज्ञांच्या खुर्च्याही वाढल्या.

बड विल्किन्सन ९ फेब्रुवारी १९९४ रोजी वारले, वयाच्या ७७ व्या वर्षी. गाव सेंट लुइस, जिथं त्यांची कोच म्हणून शेवटची नोकरी गेली होती.