समर्थ रामदास : घर, मठ आणि शिवथरची घळ

‘दासबोध’ वाचण्यापूर्वी त्याच्या कर्त्याचे घर जाणून घेणे उपयुक्त ठरेल. नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे झाला. इंग्लंडमध्ये पार्लमेंटचा पक्ष घेणारा कवी जॉन मिल्टन याच वर्षी जन्मला. नारायणाच्या आईचे नाव राणूबाई. थोरले बंधू गंगाधर हे ‘श्रेष्ठ’ म्हणून ओळखले जात. त्यांनीही ग्रंथरचना केली. वडिलांचे छत्र लवकर हरपले. बाराव्या वर्षी नारायण लग्नमंडपातून निघून गेला, असे परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे साधना आणि नंतर दीर्घकाळ भारतभ्रमण करून ते कृष्णाकाठी स्थिरावले. चाफळ येथे त्यांनी राममंदिर उभारले.

आता एक विसंगती आपल्या लक्षात येईल. ज्याने संसार नाकारला, त्यानेच ‘दासबोधा’त आधी प्रपंच नेटका करावा आणि मग परमार्थाकडे वळावे, असा उपदेश केला. ही विसंगती कशी समजून घ्यावी? रामदासांनी घर सोडले, पण माणसांची जबाबदारी सोडली नाही. मठांच्या रूपाने त्यांनी मोठे कुटुंबच उभे केले. त्यात वेण्णाबाई आणि अक्काबाई या स्त्री-शिष्यांनाही मानाचे स्थान होते.

‘दासबोधा’ची रचना प्रामुख्याने महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत झाली, असे मानले जाते. धबधब्याशेजारची ही घळ शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये पुन्हा उजेडात आणली. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत. पुढे दृष्टी गेलेला मिल्टनही आपले महाकाव्य असेच इतरांकडून लिहवून घेत होता. वीस दशक आणि दोनशे समासांच्या या ग्रंथात अक्षर कसे काढावे, ओळींत अंतर किती राखावे, यासाठीही एक स्वतंत्र समास आहे. भाषेच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा.

शके १६०३ मध्ये सज्जनगडावर समर्थांचे देहावसान झाले. आपणही घर, नोकरी आणि अभ्यास एकत्र सांभाळत आहात. म्हणून प्रपंचाविषयीचे त्यांचे विवेचन वाचताना ते आपल्या अनुभवावर पारखून पाहावे आणि मग स्वतःचे मत बनवावे.